कळ दाबली, पण यंत्र थांबेना

‘संगणक बंद करण्याचे बटण’ हा आमचा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर छापून आला, त्या दिवशी एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, “अहो, बटण दाबले की यंत्र बंद होते. त्यावर तासभर बोलणार तरी काय?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. बटण दाबले आणि यंत्र बंद झाले, तर बोलण्यासारखे काहीच उरत नाही. परंतु बटण दाबूनही यंत्र ढिम्म हलत नाही, किंवा त्याहून विलक्षण म्हणजे, काल जेथे बटण होते तेथे आज ते दिसतच नाही, असा प्रसंग आला म्हणजे माणूस काय करतो? तो भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढतो. असे करण्याने एका विद्यार्थिनीचे दिवसभराचे काम गेले. आणि ज्यांनी स्विच ओढला त्यांना “ओढा” असे सांगणारे आम्हीच होतो. म्हणून हा विषय घेतला.

आपल्या शहरातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दहा संगणकांची एक खोली आहे. यंत्रे जुनी, निरनिराळ्या लोकांनी दिलेली. त्यांच्यावर पूर्वी विंडोज 7 होते. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 रोजी त्याची देखभाल थांबविली, आणि नवे विंडोज पेलण्याइतकी ताकद त्या यंत्रांत नव्हती. तेव्हा अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने सर्वांवर लिनक्स बसवून दिले. पैसा लागत नाही, जुन्या यंत्रावर चालते आणि मराठीतही वापरता येते, एवढी कारणे वाचनालयाला पुरेशी होती. विंडोज 10 ची नेहमीची देखभालही 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. तेव्हा हीच पाळी आता पुष्कळ शाळांवर आणि कचेऱ्यांवर आली आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

खोली रात्री आठला बंद होते. तेथील शिपाई, ज्यांना सगळी मुले ‘मामा’ म्हणतात, ते एकेका यंत्रासमोर जाऊन लॉगिनच्या पडद्याच्या कोपऱ्यात असलेली विजेची खूण दाबतात, त्यातून ‘बंद करा’ निवडतात आणि पुढच्या यंत्राकडे वळतात. लॉगिनचा पडदा म्हणजे नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा तो पहिला पडदा. मामांना कोणत्याही यंत्राचा परवलीचा शब्द ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्या पडद्यावरचे बटण तेवढे त्यांच्या अधिकारात आहे.

त्या दिवशी सात नंबरच्या यंत्रावर ती खूणच नव्हती. वैशाखातली रात्र, बाहेर अजून झळा निघत होत्या, खोलीतले पंखे गरम वारा फिरवीत होते, आणि मामांना अक्कलकोट रोडकडची शेवटची बस गाठायची होती. आम्ही त्या वेळी खाली मासिके चाळीत होतो. त्यांनी हाक मारली, “सर, बटणच गायब झालंय बघा. मेन बंद करू का?” आम्ही पडद्यावर इकडेतिकडे टिचक्या मारून पाहिल्या, उगाच चष्मा पुसला, आणि म्हणालो, “करा.” संगणकाविषयी चार शब्द बोलू शकणाऱ्या माणसाने याहून वाईट सल्ला दिल्याचे आमच्या आठवणीत नाही.

आता हा सल्ला वाईट का, हे आधी पाहू. बटण का गेले याकडे मागाहून वळू.

सोलापूरच्या जुन्या गिरण्या ज्यांनी चालताना पाहिल्या, किंवा ज्यांच्या घरात आजोबांकडून त्यांचे वर्णन ऐकले गेले, त्यांना ही गोष्ट समजावयास कठीण नाही. 1870 नंतरच्या दशकात येथे गिरणीचा धंदा सुरू झाला, तेव्हा प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर नव्हती. एक मोठे वाफेचे इंजिन, त्याने फिरणारा छताखालचा लांबच लांब दांडा, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक मागापर्यंत उतरणारा चामड्याचा पट्टा, अशी रचना असे. विणकराला आपला माग थांबवावयाचा झाला तर तो दांडी ओढी. त्यासरशी पट्टा मागाला फिरविणाऱ्या चाकावरून शेजारच्या मोकळ्या चाकावर सरके. माग थांबे, पण दांडा फिरतच राही आणि बाकीचे शेकडो माग चालूच राहत. इंजिन थांबविणे ही निराळी गोष्ट. तिचा अधिकार निराळ्या माणसाकडे, तिची वेळ ठरलेली, आणि ती होण्यापूर्वी भोंगा वाजे.

संगणकातही हे दोन प्रकार आहेत. लॉगआऊट करणे म्हणजे आपला माग थांबविणे. शटडाऊन करणे म्हणजे इंजिन थांबविणे. आणि शटडाऊनला भोंगा आहे. यंत्र बंद करावयाचे ठरले म्हणजे लिनक्स प्रथम चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला निरोप देते की, आवरा. त्यांना आपापले काम उरकण्यास थोडा वेळ मिळतो; जे ऐकत नाहीत त्यांना शेवटी जबरीने थांबविले जाते. मग स्मृतीत राहिलेला मजकूर डिस्कवर उतरविला जातो, डिस्कचे विभाग रीतसर मिटले जातात, आणि अगदी शेवटी वीज तोडली जाते.

स्मृतीत मजकूर राहिलेला असतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपण ‘जतन करा’ म्हटले की मजकूर त्याच क्षणी डिस्कवर गेला, असे आपण धरून चालतो. वस्तुतः लिनक्स तो काही काळ स्मृतीत धरून ठेवते आणि सवडीने डिस्कवर लिहिते. सामान्यतः असा मजकूर सुमारे 30 सेकंद मागे राहू शकतो. डिस्कवरील नोंदवही मात्र 5 सेकंदांनी अद्ययावत करण्याची रीत आहे. ही नोंदवही, म्हणजे जर्नल, असल्यामुळे अकस्मात वीज गेली तरी डिस्कची मांडणी बहुधा शाबूत राहते. मेन ओढल्यावर दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होते, ते या नोंदवहीच्या पुण्याईने. पण मांडणी शाबूत राहणे निराळे आणि त्या मांडणीत ठेवावयाचा माल शाबूत राहणे निराळे. ज्या प्रोग्रॅममध्ये कोणी काही लिहीत होते आणि जतन केलेले नव्हते, त्याचे काय? त्याला भोंगा ऐकूच आला नाही.

सात नंबरचे यंत्रही दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी तपासणी करून मुकाट सुरू झाले. आम्ही सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच ती मुलगी आली.

ती समाजशास्त्राची विद्यार्थिनी. यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत घरोघर हिंडून तिने माहितीचे कागद भरून आणले होते, आणि आदल्या दिवशी दुपारी बारापासून बसून ती त्यांचा तक्ता करीत होती. तक्त्याला अद्याप नावही दिलेले नव्हते. संध्याकाळी सहाच्या सुमारास एका मुलाला परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता, इतर यंत्रे भरलेली होती. तेव्हा तिने भल्या मनाने आपले काम तसेच उघडे ठेवून ‘वापरकर्ता बदला’ ही सोय वापरली आणि यंत्र त्याला दिले. त्याचा अर्ज होईपर्यंत घरून फोन आला आणि ती निघून गेली. काम उघडेच आहे, उद्या येऊन पुढे चालू करू, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सादर करावयाचे होते. यंत्र हळू चालते म्हणून आपोआप जतन करण्याची सोय तेथे कोणीतरी बंद करून ठेवली होती. कागद जवळ होते म्हणून तक्ता पुन्हा करता आला, पण मुदत टळली. ती रागावली नाही, “मामा, तुम्ही मेन का बंद केला?” एवढेच तिने विचारले. मामांनी आमच्याकडे पाहिले.

आता बटणाकडे. यंत्र बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न लिनक्सच्या जन्माहून जुना आहे. लिनक्स ज्या घराण्यातले, त्या युनिक्सचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली झाला. त्या काळी एक यंत्र आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनले, असा व्यवहार असे. एका खोलीत बसलेल्या माणसाने यंत्र बंद केले तर दुसऱ्या खोल्यांतील सर्वांचे काम बुडणार. म्हणून बंद करण्याची आज्ञा एकट्या मुख्य कारभाऱ्याला, ज्याला ‘रूट’ म्हणतात, त्यालाच राखून ठेवली होती. 1991 साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या यंत्रासाठी लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा यंत्र एकट्याचे झाले होते. पण कायदा मात्र समाईक यंत्राचाच वारशाने आला. घरात एकटाच राहणारा माणूस स्वतःचा दिवा मालविण्यासाठी सोसायटीच्या चेअरमनची परवानगी मागतो आहे, असे ते दृश्य होते.

त्यातून निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. 1988 सालच्या जुन्या एक्सडीएम या लॉगिनच्या पडद्यावर बंद करण्याचे बटण नव्हतेच. पुढे केडीएम आला, त्यात बंद करण्याची मुभा कोणाला, याचे तीन पर्याय लिहून ठेवता येत: सर्वांना, केवळ रूटला किंवा कोणालाच नाही. स्लिम नावाच्या एका छोट्या पडद्यावर तर मोठी गंमत होती. नावाच्या जागी माणसाचे नाव न लिहिता ‘हॉल्ट’ असा शब्द लिहावयाचा आणि खाली रूटचा परवलीचा शब्द द्यावयाचा, की यंत्र बंद. ज्याला हे ठाऊक नाही तो जन्मभर त्या पडद्यावर बटण शोधीत बसेल.

आजची व्यवस्था याहून सुधारलेली आहे, पण तिच्यात हात पुष्कळ. पडद्यावरचे बटण स्वतः यंत्र बंद करीत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ते अर्ज करते. लॉगिनचा पडदा हासुद्धा संगणकाच्या दृष्टीने एक वापरकर्ताच आहे. तो स्वतःच्या नावाने, अत्यंत मर्यादित अधिकार घेऊन, कोणीही आत आलेले नसताना यंत्रासमोर बसलेला असतो. बटण दाबले की तो डी-बस नावाच्या टपालाने लॉगइनडी नावाच्या कारकुनाकडे अर्ज पाठवितो. कोण कोठे बसले आहे, कोणाचे काम चालू आहे, याची वही या कारकुनाकडे असते. पण परवानगी देणे त्याच्या हातात नाही. तो पोलकिट नावाच्या अधिकाऱ्याला विचारतो. पोलकिट नियमपुस्तक पाहून उत्तर देतो. उत्तर अनुकूल आले तर लॉगइनडी सिस्टिमडी या मुख्य व्यवस्थापकाला सांगतो, सिस्टिमडी भोंगा वाजवून सर्वांना थांबवितो, गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आज्ञा देतो, आणि कर्नल मदरबोर्डला वीज तोडण्याची खूण करतो. मामांच्या एका टिचकीमागे एवढी कचेरी उभी आहे.

नियमपुस्तकातील मुख्य तत्त्व मोठे समंजस आहे. जो प्रत्यक्ष यंत्रासमोर बसलेला आहे त्याला ते बंद करू द्यावे; कारण त्याला नाही म्हटले तर तो वायर उपटणारच! दुरून, तारेवरून आलेल्या माणसाला मात्र सहजासहजी बंद करू देऊ नये. आणि समोर बसलेल्याखेरीज आणखी कोणाचे काम त्या यंत्रावर चालू असेल, तर नियम वेगळा. कोठे तो सैल असतो, कोठे अशा वेळी कारभाऱ्याचा परवलीचा शब्द मागितला जातो. वितरणागणिक आणि यंत्र बसविणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे यात फरक पडतो.

आता आमच्या कथेचा उलगडा येथे आहे. शहाणा पडदा बटण दाखविण्यापूर्वीच लॉगइनडीला विचारून ठेवतो, “बंद करता येईल काय?” याची मुख्य उत्तरे अशी आहेत: ‘होय’, ‘नाही’, ‘ओळख पटवल्यास होय’, आणि ‘या यंत्राला ते जमतच नाही’. लाइटडीएम या जातीच्या पडद्यांत रीत अशी की उत्तर निखळ ‘होय’ आले तरच बंद करण्याची सोय उपलब्ध ठेवावयाची. वाचनालयाच्या यंत्रांवर लाइटडीएमच होता. बसवून देणाऱ्या मुलाने विचारपूर्वक एक छोटा नियम लिहून ठेवला होता की, दुसऱ्या कोणाचे काम उघडे असेल तर कारभाऱ्याची ओळख पटल्याशिवाय यंत्र बंद होऊ नये. त्या संध्याकाळी त्या मुलीचे सत्र उघडे होते. लॉगइनडीने वही पाहिली, पोलकिटने नियम पाहिला, उत्तर ‘ओळख पटवल्यास होय’ असे गेले, आणि पडद्याने बटण काढून घेतले.

यंत्र बिघडलेले नव्हते. ते एका मुलीचा तक्ता राखीत बसले होते, आणि आम्ही त्याच्या हातून तो हिसकावून घेतला.

पडद्याचाही यात दोष आहे, हे आम्ही सांगितल्यावाचून राहणार नाही. बटण गुपचूप काढून घेण्याऐवजी “येथे आणखी एकाचे काम चालू आहे” अशी एक ओळ त्याने लिहिली असती, तर मामाच काय, आम्हीही स्विचला हात लावू दिला नसता. कारकुनाने अर्ज नाकारावा, पण खिडकी लावून घेऊन आत बसू नये. मराठीतल्या शब्दांचाही येथे थोडा घोटाळा होतो. आपण खिडकीही ‘बंद करा’ म्हणतो, प्रोग्रॅमही ‘बंद करा’ म्हणतो आणि सबंध यंत्रही ‘बंद करा’च म्हणतो. मराठीत पडदा लावून घेणाऱ्या माणसाला माग आणि इंजिन यांतला भेद शब्दावरून कळण्याची सोय नाही. सी-डॅकने 2007 मध्ये बॉस नावाचे भारतीय भाषांतले लिनक्स काढले, मुंबईच्या आय. आय. टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून ऐकावयास मिळतात. आपल्या सोलापुरात वाढलेल्या अच्युत गोडबोले यांनी तर कार्यप्रणालीवर इंग्रजीत पाठ्यपुस्तकच लिहिले. तेव्हा एवढ्या एका शब्दाची निवड आपल्या लोकांना जड जाऊ नये. यंत्रासाठी ‘यंत्र बंद करा’ असे लिहिले तरी भागेल.

बटण नाहीसे होण्याची दुसरी कारणेही सांगितली पाहिजेत, कारण प्रत्येक वेळी कोणी तक्ता उघडा ठेवून गेलेले असेलच असे नाही.

पहिले कारण साधे: ते मुद्दाम काढलेले असते. ग्नोमच्या पडद्याला, म्हणजे जीडीएमला, बंद व रीस्टार्टची बटणे लपविण्याची एक सोय दिलेली आहे, आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ती पुष्कळदा वापरतात. तेथे बटण शोधणे म्हणजे कुलूप लावलेल्या दारावर कडी शोधणे. व्यवस्थापकाला विचारावे हे बरे. दुसरे कारण विसरभोळेपणाचे. लाइटडीएमच्या साध्या पडद्यावर वरच्या पट्टीत काय काय दिसावे याची यादी एका फाइलीत एका ओळीत लिहिलेली असते: यंत्राचे नाव, घड्याळ, भाषा, आणि शेवटी ‘पॉवर’. कोणी घड्याळ हलविण्यासाठी ती ओळ नव्याने लिहिली आणि ‘पॉवर’ हा शब्द लिहावयाचा राहिला, की बटण गेले. एसडीडीएम या पडद्यावर निरनिराळी रूपे चढविता येतात. एखादे देखणे रूप काढणाऱ्याने बटणाला जागाच ठेवलेली नसते. जुने रूप परत लावून पाहिले की याचा निकाल लागतो.

तिसरे कारण खोलातले आहे. पडदा समोर दिसतो, पण कारकुनाच्या वहीत त्याचे नावच नसते. लॉगिनच्या वेळी वहीत नोंद करणारा जो दुवा आहे तो एखाद्या फेरफारात निसटला, की लॉगइनडीच्या दृष्टीने यंत्रासमोर कोणीच बसलेले नाही. आणि जो बसलेलाच नाही त्याच्या अर्जाला पोलकिट परवानगी कशी देणार? याची परीक्षा अशी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 या कळा एकदम दाबल्या म्हणजे बहुधा अक्षरांचा काळा पडदा येतो. तेथे कारभाऱ्याच्या नावाने आत शिरून ‘लॉगइनसीटीएल’ ही आज्ञा दिली, की कोणाकोणाची सत्रे चालू आहेत याची यादी दिसते. त्यात लॉगिनच्या पडद्याचे सत्र नसेल तर दोष नोंदीत. त्यात अनपेक्षित माणसाचे नाव असेल, तर जरा थांबावे आणि ते कोण हे शोधावे. ही एक आज्ञा त्या रात्री आम्हांला सुचली असती तर हे व्याख्यान झाले नसते.

बटण आहे, दाबताही येते, पण काहीच घडत नाही, हा निराळा रोग. येथे अर्ज निघाला पण वाटेत अडला. त्याच काळ्या पडद्यावर कारभाऱ्याने ‘सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ’ असे सांगून पाहावे. त्याने यंत्र नीट बंद झाले, तर इंजिन ठीक आहे आणि अडचण टपालात किंवा परवानगीत आहे. बहुधा पोलकिट चालूच नसतो. त्यानेही बंद झाले नाही, तर पडद्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने यंत्राची रोजनिशी वाचता येते, आणि तिच्यात कोणत्या टेबलावर अर्ज थांबला हे बहुतेक वेळा स्वच्छ लिहिलेले असते. कधी एखादा प्रोग्रॅम “मला थोडा वेळ द्या” असा अडथळा नोंदवून बसलेला असतो, उदाहरणार्थ नव्या दुरुस्त्या बसविण्याचे काम अर्ध्यावर असताना. ते अडथळेही यादी मागून पाहता येतात. अशा वेळी घाई करणे म्हणजे रंगाऱ्याने जिना रंगविलेला असताना वर चढणे होय.

तिसरा प्रकार रेंगाळण्याचा. पडदा काळा झाला, एक ओळ दिसते आहे की अमुक काम थांबण्याची वाट पाहतो आहे, आणि शेजारी सेकंद मोजले जात आहेत. सिस्टिमडीची मूळची मर्यादा 90 सेकंदांची आहे, म्हणजे दीड मिनिट. तेवढे थांबले की तो स्वतःच जबरी करतो. दीड मिनिट ही शेवटची बस गाठणाऱ्या माणसाला फार वाटते, हे आम्ही जाणतो. पण ते थांबावे. रीस्टार्ट म्हटल्यावर यंत्र सर्व आवरते आणि नेमके शेवटच्या क्षणी गोठते, असेही काही जुन्या यंत्रांत आढळते. तेथे लिनक्सचा दोष थोडा आणि मदरबोर्डचा अधिक. कर्नलला सुरुवातीलाच रीस्टार्टची वेगळी पद्धत सांगून ठेवता येते, आणि ते काम जाणत्याने करावे.

आणि काहीच चालेना तर? तरीही भिंतीवरचा स्विच हा पहिला उपाय नव्हे. यंत्राच्या पेटीवरचे बटण एकदा हलकेच दाबून सोडावे. ती खूणही लॉगइनडीकडेच जाते, आणि बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ रीतसर बंद करणे असाच लावलेला असतो. तेच बटण सुमारे 4 सेकंद दाबून धरले तर मात्र मदरबोर्ड कोणालाही न विचारता वीज तोडतो. ती जबरी झाली. मेन ओढणे त्याच्याही पलीकडचे, कारण त्याने शेजारची नऊ यंत्रेही जातात.

वाचनालयात नंतर काय झाले ते सांगून थांबतो. तो नियम काढून टाकावा, म्हणजे बटण नेहमी दिसेल, असे एका सभासदांनी सुचविले. आम्ही विरोध केला, आणि आमच्या आश्चर्याची गोष्ट म्हणजे मामांनीही केला. नियम ठेवला. त्या जागी बसवून देणाऱ्या मुलाने एक छोटी गोष्ट जोडली: कोणाचे सत्र उघडे असेल तर लॉगिनच्या पडद्यावर तशी मराठीत एक ओळ दिसते. मामांनी खोली बंद करण्यापूर्वी ती ओळ असलेल्या यंत्राचा नंबर वहीत लिहावयाचा आणि यंत्र तसेच चालू ठेवावयाचे, असे ठरले. आपोआप जतन करण्याची सोय सर्व यंत्रांवर पुन्हा सुरू केली.

राहता राहिली वीज. उन्हाळ्यात ती आमच्या-तुमच्या सोयीने जात नाही, आणि रात्रभर चालू ठेवलेल्या यंत्राला कोणी वाली नसतो. म्हणून एक यूपीएस घेतला आणि त्याची तार यंत्राला जोडली. नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. बॅटरी संपत आली की तो स्वतः यंत्राला रीतसर बंद होण्यास सांगतो. तो कारभाऱ्याच्या अधिकाराने बोलतो, तेव्हा त्याला पोलकिटची परवानगी लागत नाही आणि बटण दिसो न दिसो, त्याचे अडत नाही. एका रविवारी दुपारी आम्ही परीक्षा घेतली. सात नंबरवर एक कच्चा तक्ता उघडा ठेवला, मामांनी मेन ओढला, आणि आम्ही सगळे घड्याळाकडे पाहत बसलो. बॅटरी उतरत गेली, यूपीएस ओरडू लागला, पडद्यावर सूचना आली, आणि यंत्र क्रमाक्रमाने आवरून बंद झाले. मामांनी मेन वर केला. यंत्र सुरू झाल्यावर तक्ता उघडून पाहिला. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या नव्हत्या. आपोआप जतन करण्याची वेळ 10 मिनिटांची होती, ती 3 मिनिटांवर आणली.